बिनभिंतीचं दार

तुरुंगातून सुटलो तेव्हा मला एक साधी गोष्ट येत नव्हती: दार उघडणं. इतकी वर्षं ते काम शिपायाचं होतं. गंगापूर रोडला ताईकडे उतरलो आणि पहिल्याच सकाळी आंघोळ उरकून बाथरूमच्या आतच उभा राहिलो, कुणीतरी उघडेल म्हणून. बाहेर दाजी टॉवेल घेऊन ताटकळलेले. त्यांची ओझरच्या कारखान्याची बस चुकली. "अहो, कडी तुमच्याच बाजूला आहे!" ते दारावर थापा मारत ओरडले. मला आधी हसू आलं, मग रडू.

भाची गुन्हेगारीशास्त्र शिकत होती. तिनं हा किस्सा थेट वर्गात सांगून टाकला. मी चिडलो, तर तिच्या सरांनी मलाच वर्गात बोलावलं. सुटकेआधी कैद्यांना बाहेरचं जगणं शिकवायचं, हे खूळ तिथूनच त्यांच्या डोक्यात शिरलं. आणि शिकवणार कोण, तर मी! तुरुंगाचे अधिकारी म्हणाले, "आतून कडी असलेली खोली? माझ्या तुरुंगात?" शेवटी सुतारकामाच्या शेडसमोर नुसतीच चौकट आणि दार उभं केलं. भिंतींना परवानगी मिळाली नाही.

पहिले विद्यार्थी हरसूलकडचे एक बाबा. आठवड्याभरात सुटणार होते. ते दारासमोर हात जोडून उभे राहिले. सवयीनं शिपाईच कडी काढायला धावला. "साहेब, हात मागे!" मी ओरडलो. शिपायाला दरडावायची माझी ही पहिलीच वेळ. काय सांगू, जिवाला फार बरं वाटलं. बाबा मात्र दाराला वळसा घालून निवांत पलीकडे गेले.

"बाबा, उघडून जायचंय."

"उघडीन रं. पन घरी आतून लावलं आसल तर? इतक्या वर्सांत बायको एकदाबी भेटाया नाय आली."

हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. आता पहिला धडा तोच असतो. तेव्हा मात्र सरांनी बाबांकडून घराचा पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी हरसूलची बस पकडली.

बाबांच्या घराचं दार बंद होतं. सरांनी वाजवलं, पुन्हा वाजवलं.

"वाजवता काय? कडी कुठं हाय त्याला? ढकला नं या!" आतून बाईचा आवाज आला.

आम्ही कुठून आलो ते सांगितलं, तशी भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. भेटायला का नाही आलात, असं सरांनी हळूच विचारलं.

"त्या मोठ्या दाराचं लय भ्या वाटायचं," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले. "त्याला म्हनावं, वाजवत बसू नको. ढकल नं ये."