ओलिंपियोच्या शवगाडीचं बेअरिंग

ओलिंपियो साराचोचं घर माझ्या बेकरीला लागून. मधली भिंत जेमतेम कमरेएवढी, त्यामुळे त्याचं अंगण कुठं संपतं आणि माझं कुठं सुरू होतं, हे कोंबड्यांनाही कळत नसे, आम्हालाही नाही. गावातली मेलेली माणसं कबरस्तानात पोचवायचं काम त्याचं. ती काळी, लांबलचक शवगाडी त्याला मामाकडून मिळाली. मामाचं दगडासारखं काळीज मात्र मिळालं नाही. मेलेला ओळखीचा असो की परका, ओलिंपियो गाडी चालवता चालवता रडायचा. गावात म्हणच पडली होती, "घरचे आवरतील हो, ओलिंपियोला कोण आवरणार?"

त्या वर्षी गाडीही रडायला लागली.

मागच्या उजव्या चाकातून आवाज यायचा. आधी गुणगुणल्यासारखा, मग घुमल्यासारखा, आणि हिवाळा लागेपर्यंत रानात कुत्रं विव्हळावं तसा. वेग वाढवला की आवाज वाढे, म्हणून ओलिंपियो वेग कमी करत गेला. शेवटी अंत्ययात्रा इतक्या सावकाश चालायला लागल्या की म्हातारी माणसं वाटेत कुंपणाला टेकून दम खायची आणि तरी मागे पडायची नाहीत.

एचार्त मिस्त्री त्याला रोज टोकायचा. एचार्तचं गॅरेज कोपऱ्यावर होतं. पिढ्यांमागे स्पेनकडच्या बास्क मुलुखातून आलेलं घराणं, त्यामुळे हट्टीपणा वाडवडिलांपासूनचा. त्यानं स्वतःहून नवं बेअरिंग मागवून फळीवर ठेवलं होतं.

"आण रे ती गाडी. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"आणतो. पण मधेच कोणी गेलं तर?"

"कोणी जाणार नाही. मी सांगून ठेवतो सगळ्यांना."

असं हसण्यावारी नेता नेता एक दिवस एचार्तच गेला. संध्याकाळी माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट पाल्याचा चहा, पिता पिता खुर्चीतच मान टाकली. हातातला मातेचा तुंबा खाली पडला, पण फुटलासुद्धा नाही, असं त्याची बायको डेल्मिरा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. जणू तेवढंच तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाव घेऊन त्यांच्या घरी गेले. दिवाणखान्यात शवपेटी ठेवलेली, भिंतीकडेनं खुर्च्या, सगळे हळू आवाजात बोलत होते. दफन दुपारनंतर होतं. एचार्तचा जावई नेल्सन रात्रीच माँतेव्हिदेओहून आला होता. नवाकोरा सूट, चकचकीत बूट. तो ओलिंपियोला बाजूला घेऊन म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची ती गाडी... मी शहरातून दुसरी मागवतो. निदान आज तरी शांततेत जाऊ दे त्यांना."

 टोपी हातात फिरवत ओलिंपियो पेटीपाशी गेला, डेल्मिराच्या शेजारी वाकला, आणि तिच्या कानात काहीतरी बोलला. मी मागेच उभी होते म्हणून ऐकू आलं.

"डेल्मिरा, लाज वाटते विचारायला. ते बेअरिंग... अजून फळीवर आहे का?"

डेल्मिरानं त्याच्याकडे पाहिलं. रात्रभर न हललेला तिचा चेहरा हलला. आधी वाटलं आता ही रडणार, पण ती हसली. तोंड लपवून नाही, चांगली खळखळून हसली. खुर्च्यांवरच्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"आत्ता सुचलं होय रे तुला?" ती म्हणाली. "घे. किल्ली खिळ्याला आहे. हत्यारंही ने. त्या किंचाळणाऱ्या गाडीत घातलंस तर उठून बसेल तो, आणि तुलाच खाली उतरवेल."

मग नेल्सनला म्हणाली, "दुसरी गाडी नको. आणि तू नुसता उभा काय राहिलास? जा त्याच्याबरोबर, हात लाव."

अशी त्या दिवशी आमच्या अंगणात शवगाडी उघडली. ओलिंपियोनं पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकवर उचलली, खाली लाकडाचे ठोकळे दिले. चाक निघालं. ब्रेकचा ड्रम गंजून बसला होता, तो ठोकून ठोकून सुटला. त्याच्यामागचे चार नटही निघाले, पण अ‍ॅक्सलचा दांडा काही बाहेर येईना. नेल्सननं सूटचा कोट काढला, दोघांनी मिळून ओढलं, तरी तो जागचा हलला नाही.

"एचार्त काय करायचा?" नेल्सननं विचारलं.

"शिव्या द्यायचा," ओलिंपियो म्हणाला. मग डोकं खाजवत म्हणाला, "थांब. ड्रम उलटा लावायचा तो. सैलसर. आणि झटका द्यायचा."

ड्रम उलटा लावून दोघांनी झटके दिले. तिसऱ्या की चौथ्या झटक्याला दांडा एकदम सुटला आणि दोघंही माझ्या पालकाच्या वाफ्यात पाठीवर पडले. वंगणाचा काळा ओघळ नेल्सनच्या पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत गेला. त्यानं शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, आता काळजी मिटली." तिथून पुढं तो आमच्यातलाच झाला.

जुनं बेअरिंग हातात धरून फिरवलं तर आत खडे भरल्यासारखं खरखरत होतं. त्याला दांड्यावर धरून ठेवणारं एक पोलादी कडं असतं. ते छिन्नीनं फोडलं, बेअरिंग ग्राइंडरनं जपून कापलं. दांड्याला ओरखडा जाऊ नये म्हणून ओलिंपियो श्वास रोखून बसला होता. नव्या बेअरिंगबरोबर आलेलं नवं कडं मी पावांच्या शेजारी भट्टीत ठेवलं. तापलं की फुगतं, फुगलेलं असताना सरकवायचं, गार झालं की दांड्याला आवळून बसतं. मधेच अडकलं तर संपलं.

एव्हाना अंगणात गर्दी जमली होती. प्रेताजवळ बसायला आलेली निम्मी माणसं काळ्या कपड्यांत माझ्या भिंतीवर बसून सल्ले देत होती. "बेअरिंगच्या आतल्या कड्यावरच ठोक रे, बाहेरच्या नको!" "अरे, त्याला माहितीये!" "माहिती असतं तर एवढे दिवस गाडी ओरडली असती का?"

ओलिंपियोनं नवं बेअरिंग दांड्यावर चढवलं, त्यावर लोखंडी पाइप टेकवला, आणि नेल्सननं घण उचलला.

"थांबा!"

डेल्मिरा फाटकात उभी होती. काळी शाल, पायात घरातल्या सपाता. पेटीपाशी बहिणीला बसवून आली होती.

"पत्री कुठंय?"

सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. चार भोकांची ती पत्री, जी बेअरिंगला जागेवर धरते आणि जी बेअरिंगच्या आधी दांड्यावर घालावी लागते, ती चाकाशेजारी जुन्या मळासकट पडली होती. घण बसला असता तर नवं बेअरिंगही कापावं लागलं असतं. आणि दुसरं कुठून आणणार?

"लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी एचार्तही अशीच पत्री विसरला होता," डेल्मिरा म्हणाली. "मी राव्हियोली वाढून बसले होते. तो जे बोलला ना, ते मी त्याच्या वतीनं पाद्र्यापुढं कबूल केलं. पाद्री म्हणाला, बाई, पुन्हा नका सांगू."

भिंतीवरचे सगळे हसले. ओलिंपियो हसता हसता रडायलाच लागला. डेल्मिरानं त्याच्या हातातला पाइप काढून घेतला, अजून घट्ट न बसलेलं बेअरिंग उतरवलं, पत्री पुसून दांड्यावर घातली, बेअरिंग चढवलं आणि पाइप स्वतः धरून ठेवला. "मार रे," ती नेल्सनला म्हणाली. त्यानं घाव घातले. बेअरिंग जागेवर बसल्याचा आवाज वेगळाच येतो, भरीव. तो आल्यावर मी चिमट्यानं कडं आणलं. पिवळसर झालं होतं. ओलिंपियोनं ते वरून सोडलं आणि ते एका दमात खाली जाऊन टेकलं. कोणी टाळी वाजवली नाही, पण सगळ्यांनी टोप्या काढल्या. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुपारनंतर एचार्तला घेऊन गाडी निघाली. आम्ही मागून चालत होतो. तो आवाज नव्हता, त्यामुळे खडीवर वाजणारे आमचेच बूट ऐकू येत होते, आणि कुठंतरी टिटवी ओरडत होती. डेल्मिरा पुढं ओलिंपियोच्या शेजारी बसली होती. कबरस्तानाच्या चढावर त्यानं वेग थोडा वाढवला. मला वाटतं, त्याला खात्री करून घ्यायची होती. मागच्या काचेतून दिसलं, डेल्मिरानं त्याच्या दंडावर हात ठेवला. तो रडत होताच.

पेटीला खांदा देताना सहा जणांपैकी दोघांची नखं काळी होती. मी साखर आणि तेल देऊन हात धुवायला लावलं होतं, तरी. नेल्सनच्या कोटाच्या आतून तो ओघळ दिसत होता. त्याच्या बायकोनं, म्हणजे एचार्तच्या मुलीनं, बटण लावून तो झाकायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

परतल्यावर डेल्मिरा घरी गेली नाही. माझ्या अंगणात खुर्ची ओढून बसली. मी माते केला, तोर्ता फ्रिता, म्हणजे आमच्याकडच्या जाड पुऱ्या, गरम गरम तळल्या. तिनं एक खाल्ली, दुसरी हातातच राहिली, आणि ती तिथंच झोपली. ओलिंपियोनं शाल तिच्या गुडघ्यांवर नीट केली. मग त्यानं एकेक पाना रॉकेलनं पुसला, मापाप्रमाणे लावला, आणि हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन एचार्तच्या गॅरेजमध्ये ठेवायला गेला. जाताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "उठवू नकोस तिला. किल्ली मी खिळ्याला लावतो."