घाटनांदूरच्या माळावरचं गिधाड

आमच्या धुळातात्यांना मेंढराचं दुखणं लांबून, नुसत्या चालीवरून कळायचं. माणसांचं मात्र त्यांना जन्मभर कोडंच राहिलं, आणि त्याला कारण एक विमान.

निजामाच्या राजवटीतली, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीची गोष्ट. तात्यांची एक मेंढी मेली. धनगरांच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी ती माळावर गिधाडांसाठी ओढून टाकली. दुपारी गिधाडं घिरट्या घालू लागली, तेवढ्यात एक छोटं विमान रेल्वेचे रूळ धरून अगदी कमी उंचीवरून आलं. फाडकन आवाज झाला. एक गिधाड खाली पडलं आणि मागोमाग विमान पडीक रानात घसरत येऊन नाकावर टेकलं.

आतून बद्रीनाथ नावाचा तरुण उतरला. हैदराबादेला विमान चालवायला शिकत होता. एकट्यानं लांब जायची त्याची पहिलीच खेप. म्हणाला, "मामा, मी स्टेशनावरून तार करून येतो. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

तात्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः मात्र लावला. मेंढी आपली, तिच्यापायी गिधाडं आली, म्हणजे सरकारचं विमान आपणच पाडलं, अशी त्यांची समजूत. घाबरून त्यांनी विमानाच्या नाकावरच्या पंख्यावरचं रक्त अन् पिसं ओल्या फडक्यानं पुसली आणि गिधाड दगडांखाली पुरलं.

दुसऱ्या दिवशी मोटारीतून विमानशाळेचे मोठे साहेब आले, सोबत अंमलदार आणि बद्रीनाथ. पंखा मोडलेला, पण रक्ताचा थेंब नाही. साहेबांनी बद्रीनाथकडं बोट दाखवून तात्यांना विचारलं,

"गिधाड धडकलं म्हणतो हा. तू पाहिलंस?"

"न्हाई सरकार. काईबी न्हाई पाह्यलं."

अंमलदारानं ते उर्दूत लिहून घेतलं. तात्यांनी अंगठा उठवला आणि सुटलो एकदाचे म्हणून श्वास सोडला. बद्रीनाथ त्यांच्याजवळ आला.

"मामा, गिधाड नव्हतं तर चूक माझी ठरते. माझं उडणं संपलं."

तात्यांची मती गुंग झाली. गिधाड असलं तर हा सुटतो? आणि आपल्यालाही कुणी धरत नाही? मला अजून तात्यांचा राग येतो. कुणाला आधी विचारायचं तरी! पण कचेरीच्या नावानं घाम फुटणारा माणूस विचारणार कुणाला? ते माळावर पळत सुटले, दगड उपसले, गिधाड घोंगड्यात गुंडाळून आणलं आणि साहेबांपुढं ठेवलं.

"म्याच पुरलं सरकार! रगत बी म्याच पुसलं. लेकराची चूक न्हाई."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "माळावर मेलेली गिधाडं काय कमी असतात? पोराची दया आली, म्हणून आता बोलतोय हा."

अंमलदारानं कागद पुढं धरला. "अंगठा तुझाच ना?"

"माजाच हाय सरकार. पर मी बी तर हितंच उबा हाय की! मला इचारा."

कुणी विचारलं नाही. बद्रीनाथला मागच्या बाजूला बसवून मोटार निघाली. गिधाड पुन्हा उचलून हातात धरून, ते आता द्यायचं तरी कुणाला हे न कळून, तात्या बराच वेळ मोटारीमागं चालत राहिले.