भिंतीपलीकडची हजेरी

गुजरातमधल्या छाणी गावातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेच्या मागच्या भिंतीला लागून कांचन खैरनार यांचं साड्यांना फॉल-बीडिंग करून देण्याचं दुकान आहे. एक खोली, दोन मशिनं, दोरीवर टांगलेल्या साड्या. भिंतीत वर हवेसाठी जाळी ठेवलेली आहे. सकाळची प्रार्थना संपली की त्या जाळीतून पाचवीच्या वर्गाची हजेरी ऐकू येते. नाव येतं, मागून 'हाजर' येतं. मग 'तन्मय खैरनार' असं नाव येतं आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "हाजर!" तेवढ्यापुरतं कांचनबेन मशीन बंद ठेवतात. आवाज येऊन गेला की पाय पुन्हा मशीनच्या पायट्यावर.

तन्मय त्यांचा एकुलता एक मुलगा. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने वारला.

त्याचे हातपाय जन्मापासून ताठ होते आणि बोलता येत नव्हतं. शाळेत दिव्यांग मुलांसाठी वेगळी खोली आहे, तिथे तो जायचा. एरवी चाकाच्या खुर्चीत, वर्गात खिडकीपाशी. हजेरीत त्याचं नाव आलं की आधी शेजारचा मुलगा त्याच्या वतीने 'हाजर' म्हणायचा, मग आजूबाजूचे म्हणू लागले, मग सगळेच. तन्मय त्यावर हसायचा. तो गेल्यानंतर शाळा उघडली त्या सकाळी वर्गशिक्षिका शर्वरी जोशी यांनी सवयीने त्याचं नाव घेतलं. वर्गाने सवयीने ओ दिली. शर्वरीबेन पुढचं नाव घेऊन मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी नाव गाळायला जीभ वळली नाही. पुढे वर्ग चौथीतून पाचवीत गेला, शर्वरीबेन त्याच्याबरोबर गेल्या आणि तन्मयही.

"पास केला त्याला," कांचनबेनचे यजमान विश्वंभर म्हणाले. ते एका कारखान्यात फिटर आहेत, बोलतात ते जेवतानाच. "असाच चढत राहिला तर माझ्यापेक्षा जास्त शिकेल."

"भाजी घ्या," कांचनबेन म्हणाल्या.

हे सगळं मुख्याध्यापक मुकुंदभाईंना ठाऊक होतं. दिव्यांग मुलांच्या त्या खोलीला सरकारकडून मिळणारी विशेष शिक्षिका, व्यायामाचं सामान, मुलं ने-आण करणारी गाडी हे सगळं मुलांच्या संख्येवर ठरतं. एक नाव कमी झालं की शिक्षिकेला सावली गावाकडच्या शाळेत पाठवतील, अशी त्यांना भीती होती. ते कांचनबेनना म्हणाले होते, "नाव राहू द्या ने, बेन. बाकीच्या छोकरांचं भलं होईल." कांचनबेननी मान हलवली होती.

कांचनबेनना विचारायला कारण होतं. शाळेच्या समितीवर दिव्यांग मुलांच्या पालकांतर्फे कांचनबेन आहेत. अनुदान कुठे गेलं, किती जागा भरल्या, हे पाहून सही करायचं काम त्यांचं. काम त्या कडक करतात. शाळेने खुर्चीसाठी उतार बांधला तेव्हा त्याच्या तळाशी कंत्राटदाराने एक पायरी ठेवली होती. कांचनबेननी त्याला तन्मयच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "चढा बघू, भाऊ." पायरी त्याच दिवशी फुटली. त्याच कांचनबेन तन्मय गेल्यापासून 'सर्व जागा भरलेल्या' या ओळीखाली सही करत आल्या.

जूनमध्ये राजेश्वरी इंगळे दुकानात आल्या. हातात साडी नव्हती, मुलगी होती. उत्कर्षा, दहा वर्षांची. तिला ऐकू येतं, समजतं, बोलता येत नाही. घरचे सावलीहून नुकतेच छाणीत राहायला आले होते.

"ताई, तुम्ही समितीवर आहात ना? हिला शाळेत घेतात म्हणे, पण त्या खोलीत जागा नाही. शिकवणारीच नाही मिळाली तर नुसती बसवून काय करू? घरी बसवलीय ती काय कमी आहे?"

"अलकापुरीकडे एक खासगी शाळा आहे."

"तिथली फी ऐकून ह्यांनी विचारलं, मुलगी तुम्ही ठेवून घेणार का कायमची?"

कांचनबेन हसल्या. तेवढ्यात जाळीतून हजेरी सुरू झाली. त्यांनी मशीन बंद केलं. नाव आलं. वर्ग ओरडला. उत्कर्षाने मान वर करून जाळीकडे पाहिलं.

"अगंबाई, हा कोण एवढा लाडका?" राजेश्वरीबाई म्हणाल्या. "सगळा वर्ग ओ देतो त्याच्यासाठी."

"माझा मुलगा."

"असं होय! मग तुम्हाला आमचं दुःख सांगायला नकोच. कुठे बसतो तो?"

"खिडकीपाशी," कांचनबेन म्हणाल्या.

त्या दिवशी एका साडीला फॉल उलटा लागला. तो उसवताना त्यांनी आत डोकावायला दोनदा उठून जाळीखाली स्टूल ठेवलं आणि दोनदा काढलं. त्या खोलीत एक जागा रिकामी होती, हे आई म्हणूनही त्यांना माहीत होतं आणि समितीवरची बाई म्हणूनही. ती उघड केली तर मुलगी आत येणार होती. आणि जाळीतून येणारं ते नाव बंद होणार होतं.

जुलैच्या बैठकीत त्यांनी सही केली नाही.

"एक जागा रिकामी आहे. माझा मुलगा मागच्या हिवाळ्यात गेला. लिहून घ्या."

"बेन, मला माहीत नाही का?" मुकुंदभाई खालच्या आवाजात म्हणाले. "स्मशानात मी विश्वंभरभाईंच्या बाजूला उभा होतो. आता वरून विचारतील, गेलेला छोकरा इतके महिने हाजर कसा? काय सांगू?"

"माझी सही दाखवा."

विचारणा झाली. मुकुंदभाईंना खुलासा द्यावा लागला, शर्वरीबेनना ताकीद मिळाली, कांचनबेनना समितीतून काढण्याची गोष्ट निघाली आणि तशीच राहिली. तन्मयच्या जागी उत्कर्षाचं नाव लागल्याने संख्या तेवढीच राहिली. विशेष शिक्षिका कुठे गेली नाही.

वर्गाला सांगायचं राहिलं होतं. शर्वरीबेन म्हणाल्या, "मला नाही जमणार." म्हणून एका सकाळी कांचनबेन भिंतीपलीकडे, त्या वर्गात गेल्या. खिडकीपाशी खुर्चीएवढी मोकळी जागा तशीच होती. कुणी बाक सरकवला नव्हता.

"उद्यापासून तन्मयचं नाव घेणार नाहीत," त्या गुजरातीत म्हणाल्या. "तो नाहीये, हे तुम्हाला सांगायला हवं होतं."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "अमने खबर छे, मासी." आम्हाला माहीत आहे.

"मग ओ कशाला देता?"

"तमे सांभळो छो ने." तुम्ही ऐकता ना. मुलीने भिंतीकडे बोट दाखवलं. "त्याचं नाव आलं की तुमचं मशीन बंद होतं. आम्ही बोललो की चालू होतं."

कांचनबेननी वर जाळीकडे पाहिलं. शर्वरीबेन खिडकीकडे वळल्या.

आता त्या मोकळ्या जागेत उत्कर्षाचा बाक आहे. ती आपली हजेरी स्वतः देते, बाकावर तळहात आपटून. वर्ग तेवढा वेळ गप्प राहतो. तिच्या वतीने ओ द्यायची नाही, असं तिनेच पहिल्या आठवड्यात शेजारणीच्या तोंडावर हात ठेवून ठरवून टाकलं. आठवड्यातून तीनदा ती विशेष खोलीत जाते. हाताच्या खुणांनी बोलायला शिकते आहे. आईशी भांडताही येतं म्हणे.

दुकानात मशीन अजून त्याच वेळी बंद होतं. जाळीतून नावं येतात, 'हाजर' येतं, मग उत्कर्षाचं नाव येतं आणि पुढे काहीच येत नाही. बाकावरची थाप भिंतीच्या अलीकडे पोचत नाही. कांचनबेनचा पाय पायट्यावर असतो. पुढचं नाव ऐकू आलं तरी तो हलत नाही.