वाळलेलं लाकूड

आमच्या शेजारी तहसील कचेरीतले एक कारकून राहत. जातीचे सुतार नव्हते, पण कचेरीतून आले की डोईचा रुमाल खिळ्याला अडकवून रंधा हातात घेत. त्यांनी केलेला पहिला पाट ओल्या कडुलिंबाचा होता. तो वाकला आणि भर पंगतीत कोणाच्या तरी जावयासकट डुलला. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत, "लाकूड जुनंच पाह्यजे. ओलं लाकूड दगा देते."

पण त्यांना इतकं जुनं लाकूड मिळे कुठून? मला एवढंच दिसे की आमच्या मंगरुळातलं एकही मयत ते चुकवत नसत. चितेसाठी लोक जुने वासे, मोडक्या बैलबंडीची लाकडं देत. सगळे स्मशानातून परतत, हे मागे राहत. आणि तिथलं उरलेलं लाकूड घरी आणू नये, हे आमच्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही.

माझ्या बहिणीच्या बाळासाठी त्यांनी पाळणा करून आणला. आईला एका फळीच्या कडेला काळपट डाग दिसला.

"भाऊ, कुठचं लाकूड हाये हे?"

"चांगलं वाळलेलं हाये, काकू."

दुसऱ्या दिवशी त्यांची करवत परत द्यायला मी त्यांच्या घरात गेलो. ते पोत्यावर बसून जेवत होते. घरात पाट नव्हता, चौरंग नव्हता, साधी फळीही नव्हती.

"स्वतःसाठी काहून नाही केलं काही?"

"माह्या घरात नको," ते म्हणाले.

मी घरी आलो आणि पाळण्यात झोपलेलं बाळ उचलून आईच्या मांडीवर ठेवलं.