आमच्या मूळ पुरुषाचं अक्षर

नांदगावकडच्या एका गावाचे कागद आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या लिहिले. खरेदीखत असो, वाटणीपत्र असो, दत्तकपत्र असो, लोक आमच्याच ओट्यावर यायचे. माझे वडील या लिहिणाऱ्यांतले शेवटचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे आणि माझं म्हणजे कोंबडीचे पाय. त्यावरून लहानपणी इतकी बोलणी खाल्ली की वेगळं जेवायची गरज नव्हती. "आपला मूळ पुरुष लिहायला बसला की लोक कागद विसरून अक्षर बघत राहायचे," हे अण्णांचं पालुपद. मूळ पुरुषाला पाहिलं होतं कोणी? पण विचारायची सोय नव्हती. मी सरळ टायपिंग शिकले आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत तीस वर्षं पेन न धरता काढली.

यंदा अण्णांना चौऱ्याऐंशीवं लागलं. एका डोळ्यानं दिसेनासं झालंय आणि दुसऱ्याची डॉक्टर खात्री देत नाहीत. त्यांनी एकच धोशा लावला, दिसतंय तोवर मूळ पुरुषाचं अक्षर दाखव. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे गावोगावच्या घराण्यांच्या वह्या असतात. गोदावरीवर येणाऱ्यानं आपली वंशावळ तिथं स्वतःच्या हातानं लिहून जायचं, अशी रीत. म्हणून मंगळवारी नाशिक रोडहून रिक्षा केली.

गुरुजी पस्तिशीतले. गावाचं नाव ऐकलं आणि त्यांनी लाल कापडात बांधलेलं बाड आणलं. अण्णांना मोडी वाचता येते. ते भिंग घेऊन वाकले. आधी त्यांच्या आजोबांची नोंद निघाली. "बघ, याला म्हणतात वळण," मला टोमणा. मग एकेक पिढी मागं. आजोबांच्या वडिलांचं अक्षर जरा कलंडलेलं. "घाईत असतील," अण्णा म्हणाले. त्याच्या मागच्यांच्या ओळी उताराला लागलेल्या. "म्हातारपणी लिहिलं असणार."

सगळ्यांत जुन्या, मूळ पुरुषाच्या पानावर मात्र नुसता शाईचा चिखल. अण्णा पाच मिनिटं भिंग पुढंमागं करत राहिले, एक शब्द हाती लागला नाही. खाली त्या वेळच्या उपाध्यायांच्या हातचा सुरेख मजकूर होता. तो गुरुजींनी वाचला, "यजमान गावचे कागद लिहितात असे सांगतात. अक्षर लागत नाही. विचारून नावे मी लिहिली."

मला हसू आवरेना. तोंडाला ओढणी लावली, तरी खुसखुस बाहेर येतच होती. अण्णांनी डोळे वटारले, पण थोड्या वेळानं त्यांचंही पोट हलायला लागलं.

"अण्णा, इतकी वर्षं मला कुणाच्या जिवावर बोलत होतात?"

"गप गं," म्हणाले, पण डोळे पुसत होते. इतकं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

गुरुजींनी पेन पुढं केलं. "काका, आजची नोंद करा."

अण्णांनी पेन घेतलं, भिंगानं ओळ शोधली आणि पेन खाली ठेवलं. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "हिला लिहू द्या."

"लेकींची नावं घेतो आम्ही," गुरुजी जरा घुटमळले, "पण लिहितात सहसा मुलगेच."

"आमच्या घरात पुढचा कागद आता ही लिहिणार. लिही गं."

मी पेन धरलं. अण्णांचं नाव लिहिलं, आजोबांचं लिहिलं, पणजोबांचं लिहिलं, शेवटी माझं. अक्षर होतं तसंच होतं, एका दिवसात कुठून सुधारणार? वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी दुसरीतल्या पोरीसारखी बोलणी खायची वाट बघत बसले.

अण्णांनी भिंग लावून एकेक नाव मोठ्यानं वाचलं. माझ्या नावावर थांबले आणि ते दोनदा वाचलं.

"छान लिहिलंस," म्हणाले.

मला रडू आलं, आणि मी ते खुशाल येऊ दिलं.