कॅमेऱ्यासमोर तात्या

निरवांगीहून मी निघालो तेव्हा माझी पेटी धाकट्या भावानं, वसंतानं, सायकलच्या कॅरिअरला बांधून वालचंदनगरच्या स्टँडपर्यंत आणली. आबा आले नव्हते. उसाला पाण्याची पाळी होती. "एकानं शिकावं, मग दुसऱ्याला वर घ्यावं," एवढंच ते आदल्या दिवशी म्हणाले होते. पुण्याची एसटी हलली तसा वसंता खिडकीशी पळत म्हणाला, "दादा, नोकरी लागली की मलाबी बोलीव!"

मॅट्रिक होऊन तो वळकटी घेऊन माझ्या खोलीवर आला. माझी नोकरी नवी, लग्न ठरत आलेलं. "आबांच्या हाताखाली कोण?" असं म्हणून मी त्याला स्वारगेटवरून परतीच्या गाडीत बसवलं. त्यानं वळकटी सोडलीसुद्धा नव्हती.

निवृत्तीनंतर मी बारामतीला मुलाकडे आलो. निरवांगी इतकी जवळ, तरी जातो लग्नकार्यापुरता. नात सई बारावीला आहे, तिला मीडिया हा विषय आहे. आमच्या वेळी पेपर फक्त वाचायचा असे. प्रकल्पासाठी घरातल्याच कुणाच्या तरी स्थलांतरावर तिला फिल्म करायची होती. मोबाइल स्टँडला लावून तिनं वसंताबद्दल विचारलं, "तात्याआजोबा का नाही शिकले?"

"त्याला शाळेची आवडच नव्हती. सगळा जीव शेतात," मी म्हणालो. मुलांना, सोयऱ्यांना हेच सांगत आलो होतो. सांगून सांगून मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

पण सईच्या बाईंचा एक नियम आहे. समोर नसलेल्या माणसाबद्दल कुणी काही बोललं, तर ते त्याला दाखवायचं आणि त्याचंही म्हणणं घ्यायचं. मला हे ठाऊक नव्हतं. रविवारी ती निरवांगीला जाऊन आली आणि संध्याकाळी तिनं रेकॉर्डिंग माझ्यापुढे धरलं.

गोठ्यापुढे बाजेवर वसंता, आता अख्ख्या गावाचा तात्या. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो. मग हसतो. "व्हय की. दादा म्हणतोय त्ये खरं हाय. दप्तर बघितलं की पोटात दुखायचं माझ्या!"

"जुळलं, आजोबा," सई म्हणाली.

क्लिप मात्र पुढं चालूच होती. "झालं व्हय गं? आण हिकडं. मागचं पुसट कसं करत्यात ह्यात? आन तुमच्या बाई मार्क कशाचं देत्यात?" तो विचारत राहतो, ती सांगत राहते. मग मोबाइल हातात घेऊन उसाचं शूटिंग करतो. हललं म्हणून परत करतो. नीट येईपर्यंत सोडत नाही.

"हे कापणार आहे," सई म्हणाली. "विषयाशी संबंध नाही ना."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, तिथं माझी मान खाली गेली. वळकटीची गोष्ट मी तिला सांगितली. तिनं क्लिप बंद केली. मग म्हणाली, "नियम तोच, आजोबा. हे तात्याआजोबांसमोर बोलावं लागेल."

इतकी वर्षं घर म्हणजे मला मागं सुटलेली जागा वाटायची. आता कळतंय, माझं खोटं ज्यानं हसत अंगावर घेतलं तो जिथं बसलाय, ते घर. तिथं आजवर मी पाहुण्यासारखा गेलो.

उद्या आम्ही निरवांगीला जातोय. सईला सांगून ठेवलंय, बाजेवर मी बसेन. मोबाइल तात्याच्या हातात दे.