मास्तरांची नवी कंबरदुखी

टेलर मास्तर वीस वर्षं शिवणयंत्रावर वाकून बसत आले होते, तेव्हा त्यांची कंबर दुखणं ही काही बातमी नव्हती. पण त्या सकाळी ते पलंगावर उठून बसले, पाठीमागे हात नेला आणि खुशीत बायकोला म्हणाले, "अगं, दुखली एकदाची."

त्यांची धाकटी बहीण घरोघर टपाल वाटायची. तिला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तो मागे हटला, पण पुन्हा उलटू नये म्हणून तिला दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी हव्या होत्या. तपासणीत मास्तरांचं तिच्याशी दहापैकी दहा जुळलं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरही ज्यांचं जन्मात कधी जमलं नाही, त्या दोघांचं.

"यंत्र बिघडलं असेल," बहीण म्हणाली खरी, पण दिवसभर फोन करकरून तोच आकडा ऐकत राहिली.

मग पाच दिवस रोज इंजेक्शन. त्याने हाडांतल्या मूळपेशी वाढून रक्तात उतरतात. "हाडं दुखतील हं मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दुखली की काम चालू आहे समजा."

मास्तरांनी ते फारच मनावर घेतलं. जुनं दुखणं डावीकडे, पट्ट्याखाली. नवं मधोमध, चार बोटं वर. तासातासाला बहिणीला खबर.

"मांडीपर्यंत आलं."

"आणि गुडघा?"

"अजून नाही."

"आळशीच तू, पहिल्यापासून."

चौथ्या दिवशी उठले, तर काहीच दुखेना. वाकून पाहिलं, वळून पाहिलं, उडीसुद्धा मारून पाहिली. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बहिणीच्या जुन्या पेशी संपवणारी औषधं केव्हाच सुरू झाली होती. आता माघार नव्हती. एवढ्यात तिचा फोन आला. मास्तरांनी तो बायकोच्या हातात दिला.

"काही नाही गं," बायको फोनवर म्हणाली, "काल फार कण्हत होते. डॉक्टरीणबाईंना विचारून दुधातून दुखण्यावरची गोळी दिली. सांगून दिली असती तर घेतली असती का यांनी?"

पलीकडे बहीण इतकी हसली, की तिला ठसका लागला. दोन तासांनी गोळीचा असर उतरला, कंबर कळवळली, आणि मास्तर शीळ घालत काजं करायला बसले.

पाचव्या दिवशी दोन्ही हातांना सुया. एका हातातलं रक्त यंत्रात जाई, पेशी गाळून दुसऱ्या हातात परत येई. चार तास कोपर वाकवायचं नाही. नाक खाजलं की बायको मोजपट्टीच्या टोकाने खाजवून देई.

"पुरेशा मिळाल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थोड्या जास्तीच घ्या. उद्या सैल करायची वेळ आली तर?"

"सदरा नाही हो मास्तर. वाढायचं काम त्यांचं त्या करतात."

पण करतात की नाही, हे कळायला दोन आठवडे लागणार होते. तेवढ्या दिवसांत मास्तरांनी एका शर्टाला तीन बाह्या कापल्या.

पेशी बहिणीला चढवल्यापासून सोळाव्या दिवशी दुकानात फोन आला.

"दादा, सकाळपासून कंबर दुखतेय."

"कुठे?"

"मधोमध. चार बोटं वर. आत्ताच डॉक्टरीणबाई सांगून गेल्या, तुझ्या पेशी रुजल्या. पांढऱ्या पेशींचा आकडा चढतोय. आणि दुखणंही तुझंच दिलंस, मेल्या."

समोर एक गिऱ्हाईक माप द्यायला दोन्ही हात पसरून उभं होतं. मास्तरांनी त्यालाच कडकडून मिठी मारली.